टेकडीचं एक, घरचं एक: एका मिश्र माध्यमातल्या कामाचं प्रकरण

ऑगस्टचा दुसरा आठवडा. बाहेर झिमझिम चालू होती आणि ताई रिक्षातून उतरल्या त्या मिक्सरचा रिकामा खोका छातीशी धरून. तो टेबलावर ठेवून झाकण उघडायच्या आतच मला वास आला. पावसाळ्यात लोखंडी ट्रंकेतल्या रजया काढल्या की येतो तसा, कुबट. "काका, नऊ गेली," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

माझं सदाशिव पेठेत फ्रेमिंगचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. देवांच्या तसबिरी, डिग्र्या, लग्नातले फोटो, क्रॉसस्टिचचे गणपती आणि अधूनमधून खरीखुरी चित्रं. लोक चित्र पुढून बघतात. आमचा संबंध त्याच्या पाठीशी जास्त येतो: तिथे कशाने चिकटवलंय, काय सुटलंय, कसर कुठून शिरली. गेल्या काही वर्षांत पानं, कापड, तिकिटं, माती कागदावर लावून काम करणारे माझ्याकडे बरेच येतात आणि सगळ्यांचं रडगाणं थोड्याफार फरकाने एकच असतं. म्हणून हे एक प्रकरण नीट लिहून काढतोय. ताईंना विचारलंय. नाव घालू नका, बाकी काय लिहायचं ते लिहा, असं म्हणाल्या.

ताई कोथरूडला राहतात, जुन्या सोसायटीत, तळमजल्यावर. जी. डी. आर्ट झालेल्या, पुढे सतरा वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, चाळिशी ओलांडल्यावर नोकरी सोडली. रोज पहाटे वेताळ टेकडी. तिथून येताना जमिनीवर पडलेलं काहीतरी उचलून आणतात. एकच. झाडाचं तोडायचं नाही आणि दोन आवडली तरी एकच आणायचं. घरी आलं की जुन्या कॅलेंडरच्या पानाचं पाकीट करायचं, त्यावर पेन्सिलने तारीख आणि जागा लिहायची: 'खाणीच्या वरच्या अंगाला', 'वेताळाच्या देवळामागे'. मग त्याच पाकिटात त्या दिवशी घरातली एक वस्तू जाते. मेथीच्या जुडीचा दोरा, बसचं तिकीट, गोळ्यांच्या पट्टीचा चंदेरी कागद, कांद्याच्या पिशवीची लाल जाळी, चहा गाळायचं जुनं फडकं. टेकडीचं एक, घरचं एक. रविवारी आठवड्याची सात पाकिटं उघडायची आणि त्यातलं जे जमेल ते एका-दोन कागदांवर लावायचं.

कागद बारा इंच बाय बारा इंच, हातकागद. शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथला. कापसाच्या चिंध्यांपासून केलेला असतो. लाकडाच्या लगद्यात लिग्निन असतं, त्यामुळेच वर्तमानपत्र उन्हात चार दिवसांत पिवळं पडतं. चिंध्यांच्या कागदाला तो त्रास नाही. कागदाच्या बाबतीत ताई पहिल्यापासून बरोबर होत्या, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्या बऱ्याच चुका काढणार आहे. आणि एक माझीही.

'निसर्ग आणि रोजच्या जगण्यातून प्रेरणा' असं अशा कामाबद्दल पत्रकात छापलेलं असतं. मला ते वाक्य वाचलं की जांभई येते. ताईंच्या कामात प्रेरणेपेक्षा हजेरी जास्त आहे. पाऊस असो, पाहुणे असोत, पाकीट भरायचं म्हणजे भरायचं. एखादं काम जवळून दाखवतो म्हणजे कळेल.

एप्रिलमधलं काम. डाव्या बाजूला कालनिर्णयच्या एका जुन्या पानाचा तुकडा, सासूबाईंच्या हस्ताक्षरातला दुधाचा हिशेब असलेला. रोजच्या चौकटीत बारीक '१', एकादशीला '१॥', आणि शेवटाकडे ओळीने तीन फुल्या. फुली म्हणजे खाडा, त्या दिवशी दूध घेतलं नाही. त्या तीन फुल्यांवर ताईंनी काटेसावरीचा कापूस लावलाय. उन्हाळ्यात सावरीची बोंडं तडकतात आणि कापूस वाऱ्यावर उडत राहतो, टेकडीवर जाणाऱ्यांनी तो पाहिलेला असेल. चिमूटभरच, आतली काळी बी दिसेल एवढा. उरलेल्या कागदावर पांढऱ्याच दोऱ्याने धावदोऱ्याच्या ओळी, त्या उजेड तिरका पडला तरच दिसतात. नाव 'खाडा'. मी बॅकिंग लावताना पाठीवरची तारीख पाहिली आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. सासूबाई त्या तीन दिवसांत दवाखान्यात होत्या, परत आल्या नाहीत. ताई हे चित्र बघणाऱ्याला सांगत नाहीत आणि सांगायची गरजही नाही.

धावदोरा दिसला की कुणीतरी लगेच गोधडीचं नाव काढतं. काढू द्या. पण गोधडी अंगावर घेतात, वाळत घालतात, ती वापरून झिजली तर तिचं सोनं झालं. चित्राला ती चैन नाही. ते वर्षानुवर्षं एका खिळ्यावर, एका भिंतीवर आणि पुण्याच्या चार महिन्यांच्या ओलीत.

नऊ चित्रं टेबलावर

फेब्रुवारी ते जुलैअखेर ताईंची एकतीस चित्रं झाली होती. डिसेंबरमध्ये एका छोट्या गॅलरीत प्रदर्शन ठरलं होतं, हॉलचं अर्धं भाडं भरलेलं. त्यांतली नऊ खराब झाली. बावीस ठीक. माझं डोकं त्या नवांपेक्षा बाविसांवर अडकलं. ती कशी वाचली?

नऊही चित्रं वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. मी मास्क लावला, ताईंना लावायला लावला. बुरशी लागलेला कागद फुंकायचा नसतो आणि ओल्या फडक्याने पुसायचा तर मुळीच नसतो. पुसलं की डाग पसरतो आणि तंतूंत मुरतो. आधी वाळू द्यायचं, मग मऊ ब्रशने, घराबाहेर. मग मी एकेक चित्र भिंगाखाली धरून विचारत गेलो. हे कशाने चिकटवलं? हे पान किती दिवस दाबून ठेवलं होतं? हा रंग कसला?

पाच चित्रांत नदीचा गाळ निघाला. जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. पाणी उतरल्यावर काठाच्या पायऱ्यांवर जो राखाडी थर बसतो, तो ताईंनी खरवडून आणला आणि डिंकाच्या पाण्यात कालवून रंगासारखा फिरवला. दिसतो फार सुंदर, ओल्या पाटीच्या रंगाचा. पण मुठेच्या त्या पाण्यात शहराचं सांडपाणी असतं. गाळाबरोबर त्यात वाढणारं सगळंच कागदावर आलं.

सहा चित्रांत मैद्याची खळ होती. ताईंनी कुठेतरी ऐकलं होतं की जुने कागद दुरुस्त करणारे गव्हाचीच खळ वापरतात. ऐकलं होतं ते बरोबर, पण अर्धं. ते लोक गव्हाचा निव्वळ स्टार्च वापरतात, त्यातला चिकट ग्लुटेन धुऊन काढलेला असतो. मैद्यात तो तसाच राहतो, आणि कसरीला ती मेजवानीच. शिवाय ताईंनी एकदा शिजवलेली खळ पाच-सहा दिवस पुरवली होती. ती ताजीच हवी, आणि पातळ. आमच्या जुन्या बाइंडरकडे यावर तोडगा होता, खळीत मोरचूद घालायचा. कीड लागत नाही हे खरं, पण मोरचूद विषारी, आणि त्यातलं तांबं काही वर्षांनी कागद तपकिरी आणि ठिसूळ करतं. वह्यांना चालून गेलं. चित्राला मी नको म्हणतो.

आणि नवांपैकी दोन माझ्या हातची. मे महिन्यात ताईंना घाई होती म्हणून साध्या फ्रेममध्ये बसवून दिली होती, काच थेट चित्राला टेकलेली, मागे नेहमीचा हार्डबोर्ड. काचेच्या आतून दव धरलं, ते पानाला लागलं, तिथूनच बुरशी सुरू झाली. सव्वीस वर्षं काम करणाऱ्या माणसाने हे करायला नको होतं. फोटोला चालतं म्हणून हाताला सवय लागते.

पण गाळ, खळ, काच यांतलं काहीच सगळ्या नऊ चित्रांत नव्हतं. ते निघालं शेवटी, ताई निघताना सहज बोलल्या त्यातून. पाऊस सुरू झाल्यावर काळजीपोटी त्यांनी चित्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली होती, फ्रेममधली दोनसुद्धा. प्लास्टिक नवांपुरतंच होतं. आणायला जायचा कंटाळा आला म्हणून उरलेली बावीस हॉलमध्ये दोरी बांधून चिमट्यांनी लटकवली, येणारे-जाणारे हसायचे. दोरीवरची बावीस वाचली. जपून ठेवलेली नऊ गेली.

याला कोडं म्हणायचं कारण नाही. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते आणि पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ती त्याहून वर असते. प्लास्टिकने बाहेरची ओल आत जात नाही, पण आतली बाहेरही पडत नाही. खळीतली, गाळातली, अर्धवट वाळलेल्या पानातली ओल तिथेच घुसमटून राहते. आपल्याकडे पोथ्या कापडी बासनात बांधायचे ते उगीच नाही. कापड श्वास घेतं.

काय ठेवायचं

आमचं भांडण झालं ते इथे. मी म्हणालो, नवांतली चार टाकून द्या, बाकीची बघू. ताई म्हणाल्या, "का टाकायची? बुरशी निसर्गातली नाही का? मी पान लावते तेव्हा तुम्ही काही म्हणत नाही." बोलणं बिनतोड होतं. पण मी कारागीर माणूस. मी म्हणालो, "ताई, उद्या कुणी हे विकत घेणार, हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावणार, घरात दम्याचं माणूस असलं तर?" यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी आल्या त्या बटरपेपर घेऊन. गाळाच्या एका चित्रावर बुरशीचे ठिपके सगळ्यात दाट होते, एका कोपऱ्यातून सुरू होऊन मधोमध पांगलेले, मोहरी सांडल्यासारखे. चित्राला हात न लावता त्यांनी वर बटरपेपर धरून एकेक ठिपका पेन्सिलने टिपून घेतला. दोन तास लागले. मी तोवर तीन डिग्र्या फ्रेम केल्या. मग ते चित्र त्यांनी स्वतःच पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीला दिलं.

आठ दिवसांनी नव्या कागदावर ते ठिपके घेऊन आल्या. काळ्या दोऱ्याने, गाठीच्या टाक्यात. एकेरी, दुहेरी, तिहेरी गाठ, जसा ठिपका तशी. हात फिरवला तर बोटाला कळतात. मला पहिल्यांदा वाटलं की हे मूळ चित्रापेक्षा चांगलं आहे, आणि मी तसं सांगितलंही.

तिथून त्यांचं काम बदललं, हे मला आज दिसतं. तेव्हा आम्हाला दोघांनाही एवढंच वाटलं होतं की डिसेंबर तोंडावर आलाय. वस्तू चिकटवण्याऐवजी वस्तूची खूण उतरवायची, असं त्या हळूहळू करायला लागल्या. पान कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासायची, लहानपणी नाण्यावर घासायचो तसं. शिरा उमटतात आणि पान परत टेकडीवर. कापडावरचं काम त्यांनी हिरड्याने सुरू केलं. जुनं सुती धोतर हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, पानं हिराकसाच्या पातळ पाण्यातून काढून त्यावर मांडायची, घट्ट गुंडाळी करून बांधायची आणि तासभर वाफवायची. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोखंड मिळून काळा-राखाडी रंग होतो, पानाचा आकार कापडात बसतो. ताईंनी यासाठी घरातलं मोदकपात्र घेतलं आणि ते आता कायमचं चित्रांचं झालंय. त्यात पुन्हा मोदक करू नयेत. गणपतीला नवीन आणावं लागलं. हिराकस चिमटीनेच वापरायचा, जास्त झाला तर तेच लोखंड पुढे कापड खातं.

माती मात्र सोडवेना. गाळ बंद केला, पण खाणीजवळचा पिवळसर मुरूम त्या आणतच राहिल्या. मी म्हणालो, आणा, पण आधी तव्यावर भाजा, म्हणजे आत काही जिवंत राहणार नाही. भाजून वस्त्रगाळ केल्यावर त्या धावत दुकानात आल्या, कारण पिवळा मुरूम विटकरी झाला होता. पिवळ्या मातीतलं लोखंड तापलं की तांबडं होतं. एकाच दगडाचे दोन रंग मिळाले, कच्चा आणि भाजका. डिसेंबरमध्ये लागलेल्या चार चित्रांत आकाश कच्च्या मुरुमाचं आहे आणि जमीन भाजक्याची.

तिकीट, जाळी, चंदेरी कागद या घरच्या वस्तू ताई अजूनही चिकटवतात, या वस्तू पानांसारख्या लवकर कुजत नाहीत. अशा कामाला जगात शंभर वर्षं होऊन गेली. पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या विणीचं छापील ऑइलक्लॉथ कॅनव्हासवर चिकटवलं, पुढे जर्मनीतल्या हनोव्हरच्या कुर्ट श्विटर्सने १९१९ पासून ट्रामची तिकिटं आणि रस्त्यावरचे कपटे लावून चित्रं केली. मी ताईंना म्हटलं, श्विटर्सचं बरं होतं, हनोव्हरला आपल्यासारखा जुलै नसतो. त्या मधल्या काळात ताई शुक्रवार पेठेत केळकर संग्रहालयात जाऊन बसायच्या. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेले अडकित्ते, वज्र्या, दिवे, दौती, सगळ्या घरातल्याच वस्तू. पुढे त्यांनी तो संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. एकदा तिथून थेट माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "त्यांनी पितळ जमवलं. मला कुणी सांगितलं होतं पानं जमवायला?"

उरलेल्यांचं थोडक्यात सांगतो. गाळाची आणखी तीन टाकली. दोन नव्याने केली. तिघांवरची बुरशी वरवरची होती, ती कोरडी करून ब्रशने निघाली. त्यांतल्या दोघांना कसर होती म्हणून दुहेरी झिपच्या पिशवीत घालून आइस्क्रीमवाल्या मित्राच्या डीप फ्रीजरमध्ये उणे अठराला दोन आठवडे ठेवली. थंडीने कीड मरते, बुरशी मरत नाही, नुसती झोपते. म्हणून बुरशी आधी काढूनच मग फ्रीजर. उन्हात टाका असं सोसायटीतल्या सगळ्यांनी सांगितलं होतं. पापडांना ठीक आहे. पानाचा हिरवा रंग दोन दुपारींत जातो.

डिसेंबर आणि पुढे

फ्रेमच्या बाबतीत मी माझं कर्ज फेडलं. सगळ्यांना खोल पेटीची फ्रेम, काच आणि कागद यांच्यात अर्ध्या इंचाची पट्टी, मागे हार्डबोर्डऐवजी आम्लरहित बोर्ड. मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागून हवा खेळते. बाहेरच्या भिंतीवर पावसाळ्यात लावू नका, हे मी प्रत्येक घेणाऱ्याला तोंडी सांगतो, कारण लिहून दिलेलं कुणी वाचत नाही.

गॅलरीवाल्यांनी कलाकाराचं निवेदन मागितलं, दोनशे शब्द. ताईंनी तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. शेवटी प्रत्येक चित्राखाली पाकिटावरचीच ओळ लावली: तारीख, टेकडीवरची जागा, घरातली वस्तू. '११ मार्च, देवळामागे, पळसाचं फूल, गॅसच्या पावतीचा कोपरा.' गॅलरीवाले थोडे नाराज झाले. लोक मात्र प्रत्येक चिठ्ठी वाचत होते. एक आजोबा आपल्या वाढदिवसाची तारीख शोधत अख्खा हॉल फिरले, आणि ती सापडली नाही म्हणून ताईंवर चिडले.

एका चित्राचं राहिलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाचं. त्यात रंग म्हणजे खरी हळद, आणि जिथे लाल हवा तिथे हळदीवर चुन्याच्या निवळीचा थेंब. पूर्वी कुंकू असंच करायचे, हळदीला चुना लावून. मी आधीच बजावलं होतं की हळद उजेडाला टिकत नाही, खिडकीसमोर पंधरा दिवसांत उतरते. काहीतरी पक्का रंग घ्या. ताई ऐकेनात. मी म्हणालो, मग निदान घेणाऱ्याला फसवू नका. त्यांनी फ्रेमच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलं: 'हळद उडेल. उडाली की तारीख लिहा.'

मला वाटलं होतं हे काही विकलं जाणार नाही. औंधच्या एका जोडप्याने ते दुसऱ्याच दिवशी घेतलं. परवा त्यांचा फोन आला तेव्हा पोटात गोळा आला, म्हटलं आता पैसे परत मागणार. त्यांना फक्त मागचा हूक बदलून हवा होता. फ्रेम दुकानात आणली, मी सवयीने उलटी केली. ताईंच्या ओळीखाली दुसऱ्या हस्ताक्षरात लिहिलं होतं: '४ मे. अजून आहे. थोडी.'